गेट (इंग्रजी क्रियापद)

गेट हे इंग्रजी बोलण्यात पदोपदी येणारे क्रियापद. मिळणे, आणणे, पोचणे, होणे, समजणे आणि दुसऱ्याकडून करवून घेणे एवढी कामे ते एकटे करते. देवनागरीत ते फाटक या अर्थाच्या ‘गेट’सारखेच दिसते, पण उच्चार वेगळा आहे. क्रियापदातला ‘ए’ ऱ्हस्व आणि तुटक, तर फाटकातला लांबून ‘एइ’कडे झुकणारा. मराठी लेखनात ऱ्हस्व ‘ए’ला वेगळे चिन्ह नसल्याने पुष्कळांच्या तोंडी दोन्ही शब्द एकच होतात.

हा शब्द मुळात उसना आहे. प्राचीन नॉर्स भाषेतील ‘गेटा’ १२०० च्या सुमारास इंग्रजीत रुळला. त्याचे सगोत्र रूप जुन्या इंग्रजीत उपसर्ग लावून वापरले जाई. विसरणे या अर्थाचे ‘फरगेट’ त्यातूनच आले आणि जर्मन ‘फेरगेसन’ हे त्याचे भावंड.

भूतकाळी रूप ‘गॉट’. ‘हॅव’नंतर येणारे रूप ब्रिटनमध्ये ‘गॉट’, अमेरिकेत बहुधा ‘गॉटन’. ‘गॉटन’ला अमेरिकन बिघाड समजणे चूक आहे. ते जुनेच रूप असून ब्रिटनमध्ये मागे पडले, पण ‘फरगॉटन’मध्ये तिथेही टिकले. अमेरिकन बोलीत या दोन रूपांनी अर्थही बदलतो: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, तर ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतली आहे.

‘मला पत्र मिळालं’ या वाक्यात क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘आय गॉट अ लेटर’मध्ये कर्ता ‘आय’ आहे. शिवाय मिळणे आणि मिळवणे हा भेद ‘गेट’ पाळत नाही. ‘शी गॉट अ जॉब’ यावरून नोकरी चालून आली की खटपटीने मिळवली, ते कळत नाही.

‘होणे’ या अर्थी गेटनंतर विशेषण येते: ‘गेट टायर्ड’ (दमणे), ‘गेट वेट’ (भिजणे). तिथे नाम ठेवले की अर्थ पालटतो. ‘आय वॉन्ट टु बिकम अ डॉक्टर’ म्हणजे मला डॉक्टर व्हायचे आहे. ‘बिकम’च्या जागी ‘गेट’ घातले तर ऐकणारा डॉक्टरला बोलावायला धावेल. लग्नाच्या बाबतीत चूक शब्दयोगी अव्ययाची होते. ‘त्याच्याशी लग्न’ यातल्या ‘शी’मुळे ‘गॉट मॅरिड विथ’ तोंडात येते, हवे ‘टु’.

पोचण्याच्या अर्थी ठिकाणाआधी ‘टु’ लागते, मात्र ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी नाही. वाहनात चढण्या-उतरण्याचा ढोबळ नियम असा: ज्यात उभे राहून चालता येते (बस, आगगाडी, विमान) किंवा ज्यावर टांग टाकून बसतात (सायकल, घोडा) तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, मोटार किंवा रिक्षा असेल तर ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. भारतात बसमधून उतरण्याला सर्रास ‘गेट डाउन’ म्हणतात. इथे ते सर्वांना कळते, पण परदेशात ‘खाली वाका’ असा अर्थ घेतला जाण्याचा संभव आहे.

सर्वांत जास्त घोटाळा करवून घेण्याच्या प्रयोगात होतो. न्हाव्याकडून आल्यावर मराठी माणूस सहज ‘मी केस कापले’ म्हणतो आणि कात्री कुणाच्या हातात होती हे सांगावे लागत नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हटले तर मात्र आरशापुढे स्वतःच कापले असा अर्थ होतो. म्हणून क्रम असा ठेवायचा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप, म्हणजे ‘आय गॉट माय हेअर कट’. स्कूटर दुरुस्तीला टाकली असेल तर ‘आय गॉट द स्कूटर रिपेअर्ड’. काम करणारा माणूस सांगायचा असेल तर त्याच्यानंतर ‘टु’ हवे: ‘आय गॉट हिम टु साइन’ (मी त्याला सही करायला लावली). ‘मेक’ आणि ‘हॅव’ याच कामी आले तर ‘टु’ घेत नाहीत आणि त्या सवयीने ते इथेही गळते. अर्थातही छटा आहे. ‘मेक’मध्ये बळजबरी असू शकते, ‘गेट’मध्ये बहुधा मनधरणी किंवा युक्ती.

कर्मणी प्रयोगात ‘बी’ऐवजी गेट आले की घडलेल्या घटनेवर, पुष्कळदा अपघातावर, भर येतो: ‘ही गॉट हर्ट’ (त्याला लागले). प्रश्न विचारताना मात्र ‘डू’ची मदत लागते. ‘वॉज ही हर्ट?’ बरोबर आहे, ‘गॉट ही हर्ट?’ नाही, ‘डिड ही गेट हर्ट?’ असेच विचारावे लागते.

औपचारिक लेखनात गेट टाळून ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ वापरण्याचा सल्ला देतात. अर्जात तो ठीक, पण बोलताना पाळला तर भाषा कडक इस्त्रीची वाटते.

मराठीत या क्रियापदाचे वंशज नामे म्हणून आले आहेत. ‘गेट-टुगेदर’ जवळपास मूळ अर्थाने वापरतात. ‘गेटअप’ची गोष्ट निराळी. इंग्रजीत तो शब्द बहुधा विचित्र वेशाला, किंचित थट्टेने लावतात. मराठी रंगभूमीवर वेशभूषा-रंगभूषेसह उभ्या राहिलेल्या रूपाला गेटअप म्हणतात आणि ‘गेटअप झकास जमला’ ही निखळ शाबासकी असते.