‘प्रायमल फिअर’ आणि ‘अ टाइम टू किल’ : एकाच बचावाच्या दोन तऱ्हा

देखणा वकील, गाजलेला खून, कोर्टाबाहेर पत्रकारांची झुंबड आणि आरोपीचं डोकं ठिकाणावर नव्हतं असा बचाव. १९९६ साली आलेले हे दोन्ही हॉलिवूडपट या वर्णनात बसतात, म्हणून एकातला प्रसंग दुसऱ्याच्या नावावर सांगितला जातो.

‘अ टाइम टू किल’ मिसिसिपीतल्या कॅन्टनमधला. आपल्या लहान मुलीवर बलात्कार करणाऱ्या दोघा गोऱ्यांना कृष्णवर्णीय बाप (सॅम्युअल जॅक्सन) कोर्टाच्या इमारतीतच गोळ्या घालतो. खून कोणी केला, हा प्रश्नच नाही. वकील आहे मॅथ्यू मॅकॉनहे. श्रेयनामावलीत पहिलं नाव मात्र सँड्रा बुलकचं, कारण तेव्हा तिचं नाणं खणखणीत होतं. गंमत अशी, की वेडाचा बचाव साक्षीतच आडवा होतो. बचावाच्या मानसोपचारतज्ज्ञाची जुनी शिक्षा सरकारी वकील उकरून काढतो आणि संपलं. मग उरतं शेवटचं भाषण : डोळे मिटा आणि त्या मुलीला डोळ्यांसमोर आणा. ज्युरीला असं पीडिताच्या जागी बसवणं अमेरिकी न्यायालयांना सहसा चालत नाही. आपल्याला चालतं. भर कोर्टात दोन माणसं मारणारा सुटावा म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो, आणि त्याची लाजही वाटत नाही.

‘प्रायमल फिअर’ शिकागोत घडतो. आर्चबिशपच्या खुनाचा आरोप असलेल्या तोतऱ्या पोराचं वकीलपत्र रिचर्ड गेर घेतो, तेही प्रसिद्धीसाठी. पोराचं डोकं ठिकाणावर नाही हे खटला सुरू झाल्यावर कळतं, पण तेव्हा बचाव बदलता येत नाही, त्यामुळे पोराचं दुसरं, हिंसक रूप वकिलाला सगळ्यांसमोर बाहेर काढावं लागतं. इथे भाषणाला वावच नाही. न्यायाधीश ज्युरीला घरी पाठवून स्वतः निकाल देतात. एडवर्ड नॉर्टनचा हा पहिला चित्रपट, आणि त्यातच ऑस्करचं नामांकन. (२००२ चा हिंदी ‘दीवानगी’ यावरच बेतलेला.) शेवट ठाऊक नसेल तर पुढचं वाक्य गाळा : हिंसक रूप खरं असतं, गरीब पोरगाच नाटक असतो.

म्हणजे पहिल्यात वेड हे निव्वळ निमित्त, ज्युरीला मनाजोगता निकाल देता यावा म्हणून. दुसऱ्यात तो गळ, आणि गळाला वकिलासकट आपणही लागतो.

दुसऱ्यांदा बघायला मी ‘प्रायमल फिअर’च घेईन. ‘अ टाइम टू किल’मधलं भाषण लागलं, की चॅनेल मात्र बदलवत नाही.