टोटल पाच, विभाजक ६४१

परवा बर्डीतल्या एका मोबाइलच्या दुकानात एक मुलगा नवं सिम घेत होता. यादीतल्या प्रत्येक नंबराचे अंक जोडून बघायचा आणि मान हलवायचा. "भाऊ, टोटल पाच येणारा दाखवा न." मला लगेच एक दहा अंकी संख्या आठवली, ४२९४९६७२९७. तिचीही टोटल पाचच येते: आधी ५९, मग १४, मग ५.

अंकज्योतिषवाले जिच्यावरून नंबर शुभ की अशुभ ते सांगतात ती ही टोटल म्हणजे नऊने भागल्यावर उरणारी बाकी, दुसरं काही नाही. (बाकी शून्य असेल तिथे ९ येतात, एवढंच.) दहा, शंभर, हजार, कशालाही नऊने भागा, बाकी १ च उरते; म्हणून नुसते अंक जोडले तरी काम होतं. पण हीच संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहा: १, मग एकतीस शून्यं, मग १. टोटल २! संख्या तीच, लिहिण्याची रीत बदलली. लिहिण्याच्या रीतीवर अवलंबून असलेली गोष्ट माणसाचं नशीब ठरवू शकत नाही, आणि पोरांना अशुभ नंबराची भीती घालून 'शुभ' नंबर चढ्या भावाने विकणं मला सरळ फसवणूक वाटते.

बाकीची खरी ताकद बघायची असेल तर ती ६४१ ची बघा.

आपली संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितीने ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशी रांग पाहिली. २ घ्या, त्याचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग असं करत जा आणि दर वेळी १ मिळवा. या पाचही मूळ संख्या आहेत, म्हणून पुढच्याही सगळ्या मूळच असणार असं त्याला वाटलं. १७३२ साली ऑयलर या गणितीने दाखवलं की सहाव्या संख्येला, म्हणजे आपल्या ४२९४९६७२९७ ला, ६४१ ने भाग जातो. भागाकार ६७००४१७.

हे एवढा भागाकार न करताही कळतं. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. आता फक्त ६४१ ने भागल्यावरची बाकी मोजायची. ५ × १२८ म्हणजे ६४०. एक कमी पडतो, म्हणून बाकी −१ धरा. दोन्हीकडे चौथा घात करा. ५ चा चौथा घात ६२५, १२८ म्हणजे २ चा सातवा घात, आणि सात चोक अठ्ठावीस. तेव्हा ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ६२५ ची बाकी −१६, म्हणजे उणे २ चा चौथा घात. ती तिथे ठेवली की २८ आणि ४ मिळून ३२: उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, आणि त्यात १ मिळवला की शून्य!

पण मुळात ६४१ च का तपासायचा? ऑयलरने पुढे सिद्ध केलं की या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे. अशा मूळ संख्या ओळीने लिहा: १९३, २५७, ४४९, ५७७. एकीनेही भाग जात नाही. पाचवी ६४१.