ग्राहक आणि छोटे व्यावसायिक : नाशिकमधील नेहमीचे कायदेशीर प्रश्न

किरकोळ दुकानदार, कारागीर, जॉबवर्क करणारे कारखानदार, फेरीवाले आणि त्यांच्याकडून माल किंवा सेवा घेणारे ग्राहक यांच्या रोजच्या व्यवहारांतून जे वाद उभे राहतात, त्यांना लागू होणारे कायदे, त्यांतील मुदती आणि दाद मागण्याच्या जागा यांचा विचार या नोंदीत नाशिक शहर व जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. हे कायदे केंद्राचे किंवा राज्याचे आहेत; नाशिकसाठी वेगळे काही नाही. तरीही सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागा, सराफ बाजार, येवल्याची पैठणी, जुन्या नाशकातले वाडे आणि गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार यांमुळे येथील वादांना स्वतःचे वळण आले आहे. एकच माणूस सकाळी विक्रेता आणि संध्याकाळी ग्राहक असतो, आणि कायदा या दोन भूमिकांत त्याला निरनिराळे संरक्षण देतो. त्यामुळे एखाद्या व्यवहारात आपण कायद्याच्या दृष्टीने कोण ठरतो, हे नोटीस पाठवण्याच्याही आधी पाहावे लागते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ चा जुना अधिनियम रद्द झाला. मोबदला देऊन माल किंवा सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक होय. मात्र पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी केलेली खरेदी या व्याख्येतून वगळली आहे. भद्रकालीतील किराणा दुकानदाराने विक्रीसाठी घेतलेली साखर खराब निघाली, तर त्याला ग्राहक आयोगाचे दार बंद असते आणि दिवाणी दावाच करावा लागतो. त्यानेच घरासाठी घेतलेला फ्रीज बिघडला, तर तो ग्राहक असतो. या नियमाला असलेला अपवाद नाशिकसारख्या कारागिरांच्या शहरात फार मोलाचा आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनाची मानली जात नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे स्पष्ट करताना स्वतः चालवण्यासाठी घेतलेल्या रिक्षाचे आणि लेथ मशीनचे उदाहरण दिले, आणि हाताखाली एक-दोन मदतनीस असले म्हणून खरेदीदाराचे ग्राहकपण जात नाही, असेही सांगितले. अंबडच्या एखाद्या गाळ्यात स्वतः लेथवर उभा राहणारा टर्नर यात थेट बसतो. मात्र त्याच मशीनसारखी दहा मशीन घेऊन पाळ्यांमध्ये कामगार लावणारा मालक सहसा बसत नाही.

शेतकऱ्याबाबतचा प्रश्नही असाच सुटला आहे. पीक विकण्यासाठी घेतले जाते, म्हणून बियाण्याची खरेदी व्यापारी ठरते, असा युक्तिवाद बियाणे कंपन्या करत. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो फेटाळला. कांद्याचे किंवा टोमॅटोचे बियाणे सदोष निघाल्यास शेतकरी आयोगाकडे तक्रार करू शकतो. अशा तक्रारीचे बळ बिलावर, पिशवीवरील लॉट क्रमांकावर आणि तालुका तक्रार निवारण समितीच्या पाहणी अहवालावर असते. पीक मोडण्यापूर्वी समितीला शेतावर बोलावले नाही, तर पुढे दोष बियाण्याचा की हवामानाचा, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य होते.

विम्याच्या बाबतीत दुकानदारालाही ग्राहकाचे संरक्षण मिळू शकते. नुकसान भरून निघावे म्हणून घेतलेला विमा हा सर्वसाधारणपणे व्यापारी प्रयोजनाचा नसतो, असे हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. गोदावरीला पूर आला की नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी चढले, यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनंतर काठावरच्या बाजारपेठेला विम्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे आणि तिच्यात पुराचे संरक्षण समाविष्ट आहे. जुन्या पॉलिसीचे केवळ नूतनीकरण करत आलेल्या दुकानदाराने तिच्यात पूर धरला आहे की वगळला आहे, हे पावसाळ्यापूर्वी वाचून घ्यावे.

आयोगापुढील कार्यपद्धती तुलनेने सोपी आहे. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे दोन कोटींपर्यंतची राज्य आयोगाकडे आणि त्याहून मोठी राष्ट्रीय आयोगाकडे जाते. येथे मागितलेली भरपाई विचारात घेत नाहीत, प्रत्यक्ष दिलेली रक्कम घेतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. वकील देणे बंधनकारक नाही, आणि तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे बेंगळुरूच्या कंपनीकडून ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठी सिडकोतल्या ग्राहकाला नाशिक सोडावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. विरुद्ध पक्षाला उत्तर देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. नोटीस आली म्हणून घाबरून किंवा रागावून ती बाजूला टाकणारे लहान दुकानदार हा हक्कच गमावतात, आणि अनेकदा बचावाचे चांगले मुद्दे असूनही प्रकरण एकतर्फी जाते. तक्रारीपूर्वी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दुकानातील दैनंदिन व्यवहारांत सर्वाधिक गैरसमज 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीभोवती आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. त्यामुळे सदोष मालाच्या बाबतीत ती पाटी निरुपयोगी ठरते. याचा अर्थ ग्राहकाला मन बदलल्यावर साडी परत करण्याचा सरसकट हक्क आहे, असा मात्र नाही. मेन रोडवरच्या दुकानदाराने रंग न आवडल्याच्या कारणावरून बदलून देण्यास नकार दिला, तर तो कायद्याचा भंग करत नाही.

पॅकबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकणे वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ खाली दंडनीय आहे, आणि थंड पाण्याची बाटली आहे म्हणून गार करण्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला मात्र हा नियम लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला ग्राहकाकडून कर वसूल करण्याचा अधिकारच नसतो आणि तसे बिलावर लिहावे लागते. आपल्या बिलावर हे लिहिलेले असताना खाली कर लावलेला दिसला, तर ग्राहकाने तेथेच विचारावे. सराफ बाजारात सोन्याचा दागिना घेताना १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असलेले हॉलमार्क आवश्यक आहे आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक तर आहेच, पण येवल्याच्या विणकराच्या महिनोन्महिन्यांच्या मेहनतीची चोरीही आहे. म्हणून बिलावर नुसते 'साडी' न लिहिता 'हातमाग पैठणी' असे लिहून घेण्याचा आग्रह दोघांच्याही हिताचा ठरतो.

व्यावसायिकाचा स्वतःचा सर्वांत मोठा प्रश्न अडकलेल्या पैशांचा असतो. नाशिकमध्ये तो दोन रूपांत दिसतो. पहिले रूप औद्योगिक वसाहतीतले. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारा वेंडर ९० किंवा १२० दिवस पैशांची वाट पाहतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत करारानेसुद्धा ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसल्यास ती १५ दिवसांची आहे. परचेस ऑर्डरवर ९० दिवस छापलेले असले, तरी ते कायद्यापुढे टिकत नाहीत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते आणि याच अधिनियमाखाली असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. यासाठी माल देण्याच्या आधीच उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी, झालेली असावी. ती मोफत आहे. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच, या ४५ दिवसांच्या संरक्षणासाठी नव्हे. तरतूद इतकी कडक असूनही एकाच कारखान्यावर अवलंबून असलेला वेंडर तिचा वापर करायला कचरतो, कारण पुढची ऑर्डर जाण्याची भीती व्याजापेक्षा मोठी असते. प्राप्तिकर अधिनियमात एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. या तरतुदीने वेंडरला तक्रार न करताही थोडा आधार मिळाला आहे.

दुसरे रूप द्राक्षांच्या हंगामातले. बाहेरगावचा व्यापारी बागेत येतो, शिवार सौदा, म्हणजे जागेवरच खरेदी, होतो, सुरुवातीच्या गाड्यांचे पैसे रोख मिळतात आणि शेवटच्या गाड्यांच्या वेळी हातात चेक पडतो. फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्याची मोकळीक २०१६ पासून मिळाली, परंतु आवाराबाहेरच्या सौद्यामागे बाजार समितीचा परवाना व हमी नसते, ही त्या मोकळिकीची किंमत आहे. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ लागू होते, आणि येथे सगळे तारखांवर अवलंबून असते. चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकावा लागतो. तो परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात फिर्याद दाखल करावी लागते. व्यापाऱ्याला नोटीस १२ एप्रिलला मिळाली असेल, तर त्याची मुदत २७ एप्रिलला संपते आणि फिर्याद २७ मेपर्यंत पोहोचलेली बरी. व्यापारी 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणत राहतो आणि नेमका हा महिना निघून जातो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक ज्या शाखेतील खात्यात भरला त्या ठिकाणच्या न्यायालयात फिर्याद करता येते. म्हणून निफाडच्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. सौदा करतानाच फसवण्याचा हेतू होता असे दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडेही जाता येते. निव्वळ पैसे थकले म्हणून मात्र फसवणुकीचा गुन्हा होत नाही.

उधारीच्या वसुलीसाठी दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे आहे. ही तीन वर्षे संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर मुदत नव्याने सुरू होते. दिवाळीत खात्याची बाकी काढून त्यावर सही घेण्याच्या जुन्या रिवाजाला त्यामुळे कायदेशीर वजन आहे. भागीदारीत धंदा करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण असते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून येणे असलेल्या रकमेसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, आणि हे बहुधा दावा लावायची वेळ आल्यावरच समजते.

दुकानाच्या जागेबाबत, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. जुन्या नाशकातील वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालवणाऱ्या भाडेकरूंचे प्रश्न निराळे आहेत. भाडे व वर्षाला चार टक्के अनुज्ञेय वाढ देण्यास जो भाडेकरू तयार आहे, त्याला मालक सहजी काढू शकत नाही, आणि थकबाकीसाठीसुद्धा नोटिशीनंतर ९० दिवस थांबावे लागते. पावसाळ्यापूर्वी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, की आपला हक्क गेला असे समजून काही जण जागा सोडत नाहीत आणि जीव धोक्यात घालतात. इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या ताब्यातील क्षेत्रफळाची नोंद करून घेऊन वेळेत बाहेर पडणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

दुकान उघडताना लागणाऱ्या नोंदणीला लोक अजूनही गुमास्ता म्हणतात. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या मूळ राज्य अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना पुरेशी केली. मराठी देवनागरीतील फलक मात्र २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही सक्तीचा आहे.

फेरीवाल्यांना पथविक्रेता अधिनियम, २०१४ लागू होतो. सिंहस्थाच्या तयारीसाठी रामकुंड, पंचवटी व तपोवन परिसरात रस्ते मोकळे करताना या अधिनियमाची कसोटी लागते. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत फेरीवाल्याला हटवता येत नाही, आणि स्थलांतरापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला, तर त्याची सहीची यादी जागेवरच विक्रेत्याच्या हातात दिली पाहिजे. त्याने मागणी केल्यावर टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करणे बंधनकारक आहे. घाटावर फुले विकणाऱ्या बाईला यादी मिळाली नाही, तर संध्याकाळी आपल्या टोपल्या परत मागण्यासाठी तिच्याजवळ कसलाही कागद नसतो.