पंक्चरची पट्टी टिकते कशी?

ट्युबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरच्या पंक्चरच्या पेटीतली ती चिकट, तपकिरी पट्टी पाहिली की एक टनाच्या मोटारीखाली ही टिकणार कशी, अशी शंका येते. प्रत्यक्षात तिच्यावर येणारे बल फार थोडे असते. टायरमध्ये ३२ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब असेल, तर हवा दर चौरस मिलिमीटरवर सुमारे ०.२२ न्यूटन बल लावते. ५ मिलिमीटर व्यासाच्या भोकाचे क्षेत्रफळ २० चौरस मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे पट्टीला बाहेर ढकलणारे बल साडेचार न्यूटनच्या आत, अर्धा किलो साखरेच्या वजनाहूनही कमी असते.

ट्युबलेस टायरला आतून ब्युटिल जातीच्या रबराचे अस्तर असते आणि त्यातून हवा अगदी सावकाश झिरपते. शिवाय टायरचे जाड रबर घुसलेल्या खिळ्याला घट्ट धरून ठेवते. म्हणूनच सगळे साहित्य हाताशी येईपर्यंत खिळा उपटू नये.

खिळा ज्या तिरकसपणे घुसला असेल, त्याच दिशेने पेटीतला टोच्या, म्हणजे कानशीसारखे खडबडीत टोकदार हत्यार, फिरवत आतबाहेर करावा लागतो. असलेले भोक आणखी मोठे करणे मनाला पटत नाही, पण रेडियल टायरच्या रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, आणि तुटलेल्या तारांची टोके घासून काढली नाहीत तर तीच पुढे पट्टीला कापत राहतात. मग सुईच्या नाकात पट्टी ओवून, तिला रबर सोल्यूशन लावून, दोन्ही टोके बाहेर बोटभर उरतील इतकी ती आत दाबायची आणि सुई एका झटक्यात सरळ ओढायची. पट्टी नाकाच्या फटीतून सुटते आणि तिची घडी आत अडकून राहते.

खरी गंमत इथे आहे. पट्टीवरचे रबर व्हल्कनाइज केलेले नसते, म्हणजे त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, त्यामुळे ते पिठाच्या गोळ्यासारखे पसरून बारीकसारीक फटी भरते; टायरचे रबर मात्र व्हल्कनाइज केलेले असल्याने ताणलेले भोक पुन्हा मिटू पाहते आणि पट्टीला चहूबाजूंनी आवळते. एक पसरते, दुसरे आवळते, म्हणून हवा अडते. हवा भरून साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले नाहीत, तर बाहेरची टोके तीनचार मिलिमीटर ठेवून कापावीत.

हे सारे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार भागापुरतेच, आणि तेही ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकासाठी. टायरची बाजू प्रत्येक फेरीला वाकते, आणि मोटारीच्या चाकाच्या किलोमीटरमागे पाचशेच्या आसपास फेऱ्या होतात. तिथे लावलेली पट्टी दर वाकण्यासरशी सैल होत जाते. हवा गेलेल्या टायरवर गाडी बरीच दामटली असेल, तर बाजू आतून चुरगळलेली असू शकते, आणि ते टायर रिमवरून उतरवल्याशिवाय दिसत नाही. आतून लावायचे छत्रीसारखे ठिगळ पट्टीपेक्षा भरवशाचे असते, कारण ते अस्तरही सांधते आणि पोलादी तारांपर्यंत पाणी पोहोचू देत नाही. पण त्यासाठीही टायर उतरवावाच लागतो, आणि ते काम घरच्या अंगणात होण्यासारखे नाही.