देवाची तरतूद (ख्रिस्ती जीवन)

देव आपल्या लेकरांच्या गरजा रोजच्या रोज भागवतो, या भरवशावर संसार करण्याची ख्रिस्ती रीत. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' अशी मागणी आहे. कोठार भरून देण्याची नाही.

या तरतुदीचे माप बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात दिसते. अरण्यात इस्राएलांनी माणशी एक ओमेर, म्हणजे साधारण 2 लिटर, मान्ना (देवाने आकाशातून पाठवलेले अन्न) वेचायचा. ऊन चढले की तो वितळे. हावरेपणाने दुसऱ्या दिवसासाठी राखला की त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी घेतलेला दुप्पट वाटा शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी टिके. मान्ना वरून आला, पण वेचायला पहाटे उठून वाकावेच लागे. म्हणून तरतुदीच्या नावाखाली काम सोडणे चूकच, प्रेषित पौलानेही तशांना खडसावले आहे (बायबल, 2 थेस्सलनीकाकर 3:10).

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंत्राटी कामगाराच्या घरी हा भरवसा महिनाअखेरीस कसाला लागतो. पगार झाला की देवाचा वाटा (दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग) आधी पाकिटात, मग भाडे, हप्ता, फी, किराणा, असा क्रम अनेक कुटुंबे पाळतात. 18,000 रुपयांचा दशांश 1,800 होतो. तो देण्यासाठी उसने काढू नये: दान जवळ असेल त्याप्रमाणे मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नव्हे (2 करिंथकर 8:12). दशांश दिला की दसपट परत मिळते, ही शिकवण तर श्रद्धेचा सौदा करते आणि आधीच अडचणीत असलेल्याला आणखी बुडवते. औषध बंद करून 'देव बघेल' म्हणणेही तितकेच घातक.

तरतूद बहुधा माणसाच्या हातूनच येते. घरसभेत 'काम सुटलंय' एवढे कुणी बोलले की एक जण पाच किलो तांदूळ पोहोचवतो, दुसरा आपल्या कंपनीत चौकशी करतो. अडते ते संकोचाने: लोक प्रार्थनेचा विषय 'घरची अडचण' असा मोघम सांगतात आणि मदत भलतीकडेच जाते. गरज नेमकी सांगावी. चारचौघांत जमत नसेल तर पाळकांना एकट्याने सांगावी. कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेचे (स्थापना पॅरिस, 1833) सदस्य जोडीने घरी जाऊन गरज पाहतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई परिसरातला ईस्ट इंडियन हा मराठीभाषी कॅथलिक समाज आगेरा हा हंगामाचा सण साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित करून घरी नेतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हंगामाच्या सणाला भाज्या, अंडी, नारळ वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. भोपळा घेणारा पैसे भरून तो पुन्हा लिलावाला देतो, आणि एकच भोपळा तीन-चारदा विकला जातो.

अशा भरवशाचे मराठीतले ठळक उदाहरण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे (1861–1919): 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला.