सामाईक घरावरची टाच

एका हिस्सेदाराच्या कर्जापायी सगळ्यांच्या राहत्या घरावर येणारी जप्ती. बोलताना लोक "घरावर जप्ती आली" असंच म्हणतात, पण कायद्याने बहुतेक वेळा जप्त होतो तो त्या एकाचा अविभक्त हिस्सा, घर नाही. पुण्यात हे प्रकरण दोन ठिकाणी जास्त दिसतं, पेठांमधले वाडे, जिथं प्रॉपर्टी कार्डावर आजोबांनंतर सातआठ वारसांची नावं चढलेली असतात, आणि भावाभावांनी किंवा नवराबायकोने जॉइंट नावावर घेतलेले फ्लॅट.

पेशवाईत सावकार दारात तगादा लावून, धरणं धरून वसुली करायचा, तेव्हा घराचे हिस्से वगैरे किती पाहिले जायचे याबद्दल सरसकट काही म्हणणं धाडसाचं होईल. पक्कं सापडतं ते इंग्रजी अमलातलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला, सावकारांची खतं जाळली गेली, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याची स्थावर मिळकत खास गहाण लिहून दिलेली नसेल तर डिक्रीत (कोर्टाच्या वसुलीच्या हुकमात) जप्त करायला बंदी घातली. तशी थोडी सूट आजही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे, शेतकऱ्याचं तो स्वतः राहतो ते घर जप्त होत नाही. नोकरदाराच्या फ्लॅटला तसली सूट महाराष्ट्रात नाही.

खरा वाद बापाच्या कर्जाचा. हिंदू कुटुंबात बापाचं देणं मुलाने फेडायचं हे धर्मकर्तव्य मानलं जायचं, त्यामुळे डिक्री एकट्या बापावर असली तरी वडिलोपार्जित घरातला मुलांचा हिस्सासुद्धा लिलावात जायचा. सुटका एकच, कर्ज 'अव्यावहारिक' होतं असं मुलांनी सिद्ध करायचं. आता अव्यावहारिक म्हणजे काय यावर पोथ्या लिहून झाल्यात. संस्कृत धर्मग्रंथांचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या कोलब्रुकने अर्थ केला नीतीला सोडून असलेल्या कारणासाठीचं देणं, तर काही निकालांनी त्याहून सैल अर्थ घेतला, कायद्याला किंवा रूढीला धरून नसलेलं कुठलंही देणं. मुंबई हायकोर्टाने १९०८ साली बापाने पाणी अडवून केलेल्या नुकसानीची भरपाई मुलाच्या माथी मारली नाही, म्हणजे सैल अर्थच घेतला. पण प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमलातलं लंडनचं सर्वात वरचं अपील कोर्ट) १९४३ मध्ये कोलब्रुककडे कौल दिला आणि १९५८ मध्ये जकाती विरुद्ध बोरकर खटल्यात सुप्रीम कोर्टानेही तोच उचलला, तो अर्थच जास्त टिकाऊ वाटतो. त्या खटल्यात बाप धारवाडच्या एका बुडालेल्या सहकारी बँकेचा मॅनेजिंग डायरेक्टर होता, त्याच्यावर निघालेल्या रकमेसाठी कलेक्टरने मिळकत विकली, मुलांनी आपला हिस्सा मागितला आणि हरले (गैरकारभार झाला तरी देणं अव्यावहारिक नाही, हे मुलांना कसं पटलं असेल कोण जाणे). ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना हे धर्मकर्तव्य लागू नाही. जुन्या कर्जांना अजून आहे, म्हणून वकील आधी कर्जाची तारीख विचारतात.

भाऊ-भाऊ किंवा चुलते-पुतणे असतील तर १८७७ चा प्रिव्ही कौन्सिलचा दीनदयाल निकाल पायाभूत धरतात. ऋणकोचा (कर्जदाराचा) हिस्सा लिलावात विकता येतो, पण घेणाऱ्याला मिळतो तो वाटप मागायचा हक्क, खोलीचा ताबा नाही. आणि बाहेरच्या माणसाने राहत्या घरात वाटपाचा दावा लावला की १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ ने घरातला हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत विकत घेऊ शकतो. वाड्यांच्या भांडणात हे कलम फार उपयोगी आणि फार कमी जणांना माहीत.

प्रत्यक्षात आधी हुकूमनामा (डिक्री), मग शिवाजीनगरच्या कोर्टात दरखास्त (हुकूमनामा बजावायचा अर्ज), मग बेलिफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ रूल ५४ मध्ये जप्तीचा हुकूम मिळकतीवर किंवा शेजारी दवंडी पिटून किंवा रूढ पद्धतीने जाहीर करायचा आणि प्रत ठळक जागी लावायची असं आहे, वाड्यात ती जागा म्हणजे अर्थातच दिंडी दरवाजा, त्यामुळे कर्ज न घेतलेल्या काकूंनाही येताजाता ती वाचावीच लागते. सहहिस्सेदाराने हरकत रूल ५८ खाली लिलावाआधीच घ्यायची, विक्री झाल्यावर ती ऐकत नाहीत. विक्रीनंतरही रूल ८९ ची वाट आहे, ६० दिवसांत लिलावाच्या जाहिरनाम्यातली रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के भरले तर लिलाव रद्द होतो, आणि हे पैसे भाऊसुद्धा भरू शकतो.

हे सगळं साध्या देण्याचं. सगळ्यांनी गहाणखतावर सह्या केल्या असतील तर हिस्स्याची ढाल उरत नाही. बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस देते, कोर्टात न जाता ताबा घेते, हरकत ४५ दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) घ्यायची, ते पुण्यातही आहे. सहकारी बँकांनाही हा कायदा चालतो हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं. पतसंस्था मात्र सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढतात आणि वसुली अधिकारी नियम १०७ खाली जप्ती करतो. घरातल्या एकाने बाकीच्यांना न विचारता सगळं घर गहाण टाकलं असेल तर बाकीच्यांचा हिस्सा सहसा बांधला जात नाही, अपवाद कर्त्याने, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या प्रमुखाने, कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेलं कर्ज.

मुलींचा हिस्सा आता मुलाइतकाच धरतात, २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर तर जन्मापासून. मुस्लिम आणि ख्रिश्चन घरांत सहदायकी (जन्मानेच मिळणारा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क) नाही, वारसांचे हिस्से ठरलेले असतात, तिथं धर्मकर्तव्याचा प्रश्न येत नाही.