हादरा सौम्य, लाट मोठी

भूकंप झाला की आपला पहिला प्रश्न ठरलेला: किती रिश्टर? धक्का जोराचा असेल तरच त्सुनामीची भीती, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मेंतावाई बेटांवर याच गणिताने घात केला.

सुमात्राच्या पश्चिमेला असलेल्या या बेटांवर २५ ऑक्टोबर २०१० च्या रात्री ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन हलली ती हळुवार, पण बराच वेळ. २००७ मध्ये याहून जोराचे धक्के बसूनही मोठी लाट आली नव्हती, त्यामुळे अनेक जण घरातच थांबले. काही मिनिटांत लाटा गावांत शिरल्या आणि चारशेहून अधिक माणसं गेली. सरकारी इशारा निघाला होता. पण जिथे फोनच लागत नाही, तिथे तो पोचणार कसा?

हादरा सौम्य का होता? भूकंपात भेग एका टोकाकडून फाटत जाते, एरवी सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर वेगाने. मेंतावाईत हा वेग जेमतेम निम्मा होता. कापड टर्रकन फाडा किंवा सावकाश उसवा, भोक तेवढंच पडतं, आवाज मात्र वेगळा. आपल्याला जाणवतात ते झटपट झटके. संथ फाटण्यातली ऊर्जा दीर्घ हेलकाव्यांत जाते आणि ते पायांना फारसे कळत नाहीत.

त्यात ही भेग सागरी गर्तेजवळच्या, म्हणजे समुद्रतळावरच्या लांब, खोल खंदकाजवळच्या मऊ थरांत होती. भूकंपाचा आकार (भूकंपीय आघूर्ण) म्हणजे खडकाची दृढता (ताठपणा) गुणिले भेगेचं क्षेत्रफळ गुणिले सरक (भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून किती घसरल्या ते अंतर). आकार आणि क्षेत्रफळ तेवढंच ठेवून दृढता कमी केली, तर सरक वाढलीच पाहिजे. समुद्रतळ जास्त उचलला जातो आणि वरचं पाणीही. अशा भूकंपांना भूकंपशास्त्रज्ञ हिरू कानामोरी यांनी १९७२ मध्ये ‘त्सुनामी भूकंप’ म्हटलं. जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर १८९६ मध्ये असाच सौम्य हादरा बसला होता, आणि सुमारे २२,००० बळी गेले.

म्हणून दुर्गम बेटावरच्या इशारा-यंत्रणेचं पहिलं उपकरण म्हणजे माणसाचे पाय, आणि त्यांनी जोर नव्हे, वेळ मोजायची. इंडोनेशियात २०-२०-२० असा नियम शिकवतात: २० सेकंद जमीन हलली तर हाताशी २० मिनिटं आहेत असं धरून २० मीटर उंची गाठा. ‘प्राण्यांना आधीच कळतं’ छापाचे व्हॉट्सॲपी शोध इथे कामाचे नाहीत. कोंबडी बिथरली म्हणून कुठल्या गावाने किती वेळा डोंगर चढायचा?

हीच गर्ता उत्तरेला निकोबार-अंदमानपर्यंत जाते. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं त्सुनामी केंद्र २००७ पासून भूकंपमापक आणि समुद्रतळावरचे दाबमापक पाहून इशारे देतं. चेन्नईसाठी ते उत्तम, कारण २००४ ची लाट तिथे पोचायला दोन तासांहून अधिक लागले होते. निकोबारला मात्र मिनिटंच मिळतात. तिथे भोंग्याइतकीच गरज आहे टेकडीवर जाणाऱ्या पक्क्या वाटेची, रात्रीही दिसेल आणि म्हातारं माणूसही चढू शकेल अशी. लांबलेल्या दहा हादऱ्यांपैकी नऊ वेळा लाट आली नाही, तरी दहाव्यांदा लोकांनी कुरकुर न करता ती वाट चढायला हवी.